दोनच म होते

(दर्पण दिनाच्या निमित्ताने मालवणात केलेलं बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, अडखळणं तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? माइक जरा खाली घ्या कोणीतरी, मी उंचीला आपला असाच आहे. हां, आता ठीक.

सुरू करायच्या आधी एक वस्तू तुमच्यात फिरवायला देतो. पहिल्या रांगेतून सुरू करा, बघा आणि मागे द्या. छोटा ठोकळा आहे, पण हातात घेतलात की वजन कळेल. एका टोकाला उठावाचं अक्षर आहे, उलटं, आरशात दिसतं तसं. छापखान्यात याला आम्ही खिळा म्हणायचो. हा छत्तीस पॉइंटचा, म्हणजे साधारण अर्धा इंच, मथळ्याचा. मजकुराचे दहा आणि बारा पॉइंटचे असायचे, त्याहून बरेच बारीक. मजकुराचा असो नाहीतर मथळ्याचा, सगळ्यांची उंची मात्र एकच, साधारण तेवीस मिलिमीटर, केसभर कमी असला तर तो उठत नाही आणि केसभर जास्त असला तर कागद फाडतो. अक्षर कुठलं ते ओळखा, मी सांगत नाही. मात्र परत यायला पाहिजे हो, तो एकच उरलाय माझ्याकडे.

आज सहा जानेवारी. १८३२ साली आजच्याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत दर्पणचा पहिला अंक काढला, एका रकान्यात इंग्रजी आणि बाजूच्या रकान्यात मराठी. बाळशास्त्री आपल्याच जिल्ह्यातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, हे दरवर्षी या दिवशी सगळे सांगतात आणि फोटोला हार घालतात. घालायलाच पाहिजे. पण त्या अंकाचे खिळे कोणीतरी एकेक उचलून जुळवले असणार ना, त्या माणसाला कोणी हार घालत नाही. मी त्या जातकुळीतला, म्हणून मला बोलावलंत त्याबद्दल आभार. मॅट्रिक झाल्यावर मी एका छापखान्यात लागलो, तिथून एक साप्ताहिक निघायचं, नाव नाही घेत कारण आज त्यांचेच काही किस्से सांगणार आहे, आणि मालकांची नातवंडं इथे बसलेली असायची शक्यता आहे.

तर पहिली गोष्ट जागेची. छापखाना म्हणजे कौलारू घराची लांब ओसरी. एका बाजूला सिलिंडर मशीन, एका कोपऱ्यात ट्रेडल, जी पायाने मारायची आणि हाताने कागद घालायचा, हात वेळेवर काढला नाहीस तर बोटं गेली. खिडकीखाली उजेडाला केसेस. केस म्हणजे लाकडी उथळ खण, आत लहान लहान घरं, प्रत्येक घरात एका अक्षराचे खिळे. इंग्रजीला अशा दोन केसेस पुरतात, वरची आणि खालची, वरच्यात कॅपिटल, त्यावरून तर अपर केस लोअर केस शब्द आले जे तुम्ही आज पासवर्ड टाकताना वापरता. आपल्या मराठीला चार केसेस लागायच्या. समोर दोन, डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक, मधे स्टुलावर कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, गाभाऱ्यात बसल्यासारखा.

चार का, तर हिशोब करा. इंग्रजीत सगळं मिळून शे-दीडशे प्रकारचे खिळे. मराठीत अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना, वेलांट्या, उकार, मात्रा, रफार, रफारावर अनुस्वार, मात्रेवर अनुस्वार, मात्रेवर रफार आणि त्यावर परत अनुस्वार, हे सगळे वेगवेगळे खिळे, चारशे-पाचशेच्या वर जायचे. उदाहरण आपल्याच शेजारचं घ्या, वेंगुर्ले. तुम्ही मोबाइलवर दोन सेकंदात लिहिता. आमच्याकडे डिग्री टाइप होता, त्यात ओळ म्हणजे तीन मजली घर, मधल्या मजल्यावर अक्षर, वरच्या मजल्यावर मात्रा-अनुस्वार, खालच्या मजल्यावर उकार. व उचलला, त्याच्यावर मात्रा-अनुस्वाराचा जोड खिळा बसवला, ग घेतला, खाली उकार, आणि वरचा मजला रिकामा राहिला तर वरची चीज हलणार म्हणून तिथे कोरा तुकडा भरला, मग ल, त्याच्या डोक्यावर मात्रा आणि रफार एकत्र असलेला खिळा, आणि खाली पुन्हा कोरा. एवढं सगळं कशासाठी, तर वेंगुर्ले या एका शब्दासाठी. आणि बातमी वेंगुर्ले नगरपरिषदेची असली की तो शब्द दहा वेळा. आमचे दाजी, मुख्य कंपोझिटर, बातमीदारालाच सांगायचे, "रे, दरवेळी वेंगुर्ले कित्याक लिवतस, 'तेथील' लिव मरे." आणि तो लिहायचा. जुने अंक काढून बघा, आमच्याकडच्या बातम्यांत "तेथील", "सदर गावी", "उक्त ठिकाणी" फार दिसेल. लोकांना वाटतं ती सरकारी भाषा आहे. आमच्याकडे तरी ती दाजींच्या बोटांची भाषा होती.

मला आज हेच सांगायचंय खरंतर, की पेपरात काय छापून येणार हे संपादक ठरवतो असं तुम्हाला वाटतं, पण शेवटचा शब्द खणातल्या खिळ्यांचा असायचा. खिळे किती, कुठले, त्यातले आत्ता मोकळे किती.

काम कसं चालायचं बघा. डाव्या हातात स्टिक, लोखंडाची छोटी पट्टी, तिची रुंदी रकान्याएवढी लावलेली. उजव्या हाताने खणातून खिळा उचलायचा आणि स्टिकमध्ये उभा करायचा. खिळ्याच्या अंगाला एका बाजूने खाच असते, फिरवताय त्याच्यावर पण आहे बघा, ती अंगठ्याला लागली की खिळा सुलटा आहे हे न बघता कळतं. वाचायचं डावीकडून उजवीकडेच, पण अक्षरं उलटी आणि डोक्यावर उभी. सुरुवातीचे दोन महिने माझं डोकं गरगरायचं, नंतर असं झालं की सरळ छापलेलं वाचताना वेळ लागायला लागला. ओळ भरत आली की शेवटी जागा उरते नाहीतर शब्द मावत नाही, मग शब्दांमधल्या स्पेसेस बदलून ओळ घट्ट करायची, ढिली राहिली तर मशीनवर खिळे उडतात. स्पेसने नाही जमलं तर मग शब्दच बदलायचा. "आणि" बसत नसेल तर "व". "परंतु" चं "पण". जागा उरली तर उलट, "मृत्यू पावले" चं "दुःखद निधन झाले". हसू नका, मी स्वतः केलंय.

स्टिक भरली की मजकूर गॅलीत उतरवायचा, म्हणजे लांब ट्रे, दोऱ्याने बांधायचा, वर शाई फिरवून ओला कागद ठेवून प्रूफ काढायचं. प्रूफ वाचायचं काम आधी माझं, नंतर मालकांचं. वेलांटीचा वरचा तुरा अक्षरावर झुकलेला असतो, तो नाजूक, पडला-आपटला की मोडायचा, मग ऱ्हस्व वेलांटी काना दिसायची आणि "किनारा" चं "ाकनारा". अशा मोडक्या वेलांट्या दाजी एका नारळाच्या करवंटीत टाकायचे. वर्षाच्या शेवटी करवंटी भरायची.

आता एक कोडं. जुन्या साप्ताहिकांत पहिल्या पानावरची बातमी अर्धी राहिली की खाली लिहिलेलं असायचं, "पुढे पान ४ वर". पान २ वर का नाही? पान उलटलं की लगेच दुसरं पान, तिथे टाकायला काय झालं होतं? (कोणीतरी म्हणालं जाहिराती.) नाही. चार पानांचा अंक म्हणजे एकच मोठा कागद, डबल क्राउन, वीस बाय तीस इंच, मधे दुमडलेला. त्याच्या एका बाजूला दोन आणि तीन नंबरची पानं शेजारी शेजारी येतात, दुसऱ्या बाजूला चार आणि एक. चारही पानं एकदम जुळवायला आमच्याकडे खिळेच नव्हते. म्हणून बुधवारी आतली बाजू छापायची, त्यात क्रमशः कादंबरी, शेतीचा सल्ला, आंब्याच्या मोहरावरची फवारणी, कोर्टाच्या नोटिसा, जे शिळं होत नाही ते. छापून झालं की फर्मा, म्हणजे चौकटीत घट्ट बांधलेली पानं, खोलायचा आणि गुरुवारभर ते खिळे परत आपापल्या घरात टाकायचे, याला डिस्ट्रिब्यूट करणं म्हणतात, आम्ही नुसतं "सोडणं" म्हणायचो. आणि मग त्याच खिळ्यांनी शुक्रवारी पहिलं आणि चौथं पान. म्हणजे बुधवारी आंब्याच्या तुडतुड्यांवर लिहिलेली अक्षरं शुक्रवारी आमदारांच्या भाषणाला. पहिल्या पानाची बातमी वाढली तर दुसऱ्या पानावर कशी जाणार, ते पान परवाच छापून झालंय, दोरीवर वाळतंय. ती चौथ्यावरच जाणार.

सोडण्याचं काम कंटाळवाणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच. घाईत ब च्या घरात व पडला, की पुढच्या आठवड्यात "बाबा" चं "वावा". आमच्या अर्ध्या चुका जुळवताना नाही, सोडताना झालेल्या असायच्या.

आता तो देणगीदारांचा किस्सा. एका गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, कमिटीने देणगीदारांची यादी छापायला दिली, पैसे रोख. एकशे ऐंशीच्या आसपास नावं, प्रत्येक नावाआधी श्री. आता श्री हा एक स्वतंत्र खिळा, बारा पॉइंटच्या केसमध्ये असतील साठ-पासष्ट. त्यात महिना मे. मे म्हणजे लग्नपत्रिका, आणि छोट्या छापखान्याचं पोट पेपरवर नाही भरत, पत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं आणि दशावताराची पोस्टरं यावरच भरतं. पत्रिकेचा मजकूर जुळवून बांधून ठेवलेला असतो, पार्टी प्रूफ बघायला उद्या येतो म्हणते आणि चार दिवस येत नाही, तोपर्यंत त्याच्यातले श्री अडकलेले. तर दाजींनी यादी लावायला घेतली, असतील ते श्री संपले, मग श्र ला दीर्घ वेलांटी लावून वीसेक केले, तेही संपले. मालक रत्नागिरीला गेलेले. दाजींनी विचार केला आणि पुढच्या सगळ्या नावांना लावलं "रा. रा.". राजमान्य राजेश्री. चांगला मान आहे, आमच्या आजोबांच्या पत्रांत तोच असायचा, आणि र आणि काना खणात ढिगाने.

दाजींच्या लक्षात एकच आलं नाही, की यादी रकमेप्रमाणे होती. पाचशे एकपासून खाली. म्हणजे झालं असं की एकशे एकवाले सगळे श्री, आणि एक्कावन्नवाले अर्धे श्री अर्धे रा. रा., आणि एकवीस-अकरावाले तर सगळे रा. रा. शनिवारी अंक गावात पोचला आणि रविवारी सकाळी आठ वाजता ओसरीवर पंधरा माणसं. "आमका रा. रा. कित्याक? पैशे कमी दिले म्हणान?" एक म्हातारे मात्र खूश होते, म्हणाले बऱ्याच वर्षांनी कोणीतरी नीट मान दिला. मालक आले, त्यांनी हात जोडले, आणि पुढच्या अंकात यादी पुन्हा फुकट छापायचं कबूल केलं. पण श्री तर अजून तेवढेच! तेव्हा मालकांनी युक्ती काढली, नावांचे सगळे मान काढून टाकले आणि वर एकदाच लावलं: "सर्वश्री". हा शब्द आमच्या मालकांनी शोधला असं म्हणत नाही, तो आधीपासून आहे, पण तो कोणाच्या तरी खणातले श्री संपले तेव्हाच जन्माला आला असणार अशी माझी आपली पक्की समजूत आहे.

खिळ्यांची ही टंचाई फक्त आमची होती असं नाही. शेजारी गोव्यात १५५६ साली छापखाना आला, भारतातला पहिला. तो खरंतर निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, वाटेत गोव्यात उतरला आणि तिथेच राहिला. कोकणात उतरलेली चीज पुढे जात नाही. पुढे फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापलं, भाषा मराठी, ओव्या मराठी, पण लिपी रोमन. कारण देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणजे छापील मराठीची अगदी सुरुवातीची अडचण तीच, जी आमची शेवटपर्यंत होती.

मग मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पहिलं छापील मराठी पंचांग काढलं ते शिळाछापावर. दगडाच्या गुळगुळीत लादीवर तेलकट शाईने मजकूर उतरवायचा, दगड ओला करायचा, पाणी कोऱ्या जागेत बसतं आणि छापायची शाई फक्त अक्षराला चिकटते. खिळेच नकोत, हस्ताक्षर चांगलं पाहिजे. नंतर निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी इतके सुंदर मराठी टाइप पाडले की आमच्या काळापर्यंत जुना कंपोझिटर चांगल्या वळणाचा टाइप दिसला की "निर्णयसागरी" म्हणायचा.

आणि खिळे कमी करायची सगळ्यात जास्त खटपट कोणी केली असेल तर रत्नागिरीकरांनी. टिळक जन्माने रत्नागिरीचे, त्यांनी केसरीसाठी देवनागरी टाइपांची संख्या कमी करायच्या कामात डोकं घातलं होतं. आणि सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तेव्हा त्यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवली, अ ची बाराखडी, म्हणजे इ ई उ ऊ ही वेगळी अक्षरं टाकून द्यायची आणि अ लाच वेलांट्या-उकार लावायचे, अि, अी, अु, अू. जुन्या मासिकांत तसं छापलेलं दिसतं आणि आजची मुलं विचारतात ही काय चूक. चूक नाही, ते चार खिळ्यांची बचत करत होते! त्यांचे बाकीचे विचार तुम्हाला पटोत न पटोत, तो वेगळा विषय, पण केसपुढे आठ तास बसलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल ह्या माणसाने कधीतरी छापखान्यात उभं राहून बघितलंय.

आता पाऊस. घाटावरच्या छापखान्यांना हे माहीत नाही. मशीनचे शाईचे रोलर रबराचे नंतर आले, आमच्याकडे बरीच वर्षं होते ते गूळ आणि सरसाचे. हो, गूळ. सरस रात्रभर भिजत घालायचा, सकाळी पाण्याच्या मोठ्या भांड्यात छोटं भांडं ठेवून वितळवायचा, त्यात कोल्हापुरी गूळ गाळून घालायचा, ढवळत राहायचं, बुडबुडे येऊ द्यायचे नाहीत, आणि आतून तेल लावलेल्या लोखंडी नळीत मधे दांडा उभा करून ओतायचं. दुसऱ्या दिवशी नळीतून काढला की तपकिरी, चकचकीत, बोटाने दाबला तर दबणारा आणि परत वर येणारा रोलर. वास असा, की लहान पोरं ओसरीखाली जमायची, त्यांना वाटायचं चिक्की होतेय. मुंग्यांनाही तसंच वाटायचं, म्हणून रोलर रॉकेलने पुसून पाण्याच्या वाट्यांत पाय ठेवलेल्या घोडीवर टांगायचे.

जून लागला की तो रोलर हवेतलं पाणी ओढायचा. फुगायचा, चिकट व्हायचा, शाई कागदाला द्यायच्या ऐवजी कागदच ओढून घ्यायचा. उन्हाळ्यासाठी आणि पावसाळ्यासाठी सरस-गुळाचं प्रमाणच वेगळं, पावसाळ्यात गूळ कमी. तरी आषाढात एकदा मशीन चालता चालता रोलरचा एवढा लचका तुटून फर्म्यावर पडला आणि अर्ध्या पानावर काळा लगदा. कागद पण दमट, रीम उघडली की वरचे कागद लाटांसारखे, फीडरने एक घातला तर दोन जाणार. शाई वाळायची नाही, अंक दुमडून एकावर एक ठेवले की एकाच्या पहिल्या पानाची छाया दुसऱ्याच्या चौथ्यावर. बाहेर खारा वारा, त्यामुळे लोखंडाच्या चौकटी गंजणार, आणि शिशाच्या खिळ्यांवर पांढरी भुकटी धरणार. लाइट गेली की मोटर बंद, मग सिलिंडरचं मोठं चाक हाताने फिरवायचं, दोघं आळीपाळीने, भिजलेल्या गोणपाटावर उभे राहून. तासाला हजार कागद निघायचे ते तीनशेवर.

आणि नेमका पावसातच आमच्या पेपरला भाव. मुंबईचे पेपर पूर्वी बोटीने यायचे, आणि पावसाळ्यात बोटी बंद. नंतर एसटी आली तर घाटात दरड. मग लोकांना जगात काय चाललंय हे आमच्या चार पानांतून. आम्हाला कुठून कळायचं? रेडिओवरून. आकाशवाणीवर "धीमी गति के समाचार" लागायचे, एकेक वाक्य सावकाश, परत परत वाचायचे, छोट्या पेपरवाल्यांना लिहून घेता यावं म्हणून. मी कानाला रेडिओ लावून हिंदीत ऐकायचो आणि मराठीत लिहायचो, आणि लिहितानाच बघायचो की यात वेंगुर्लेसारखं काही येतंय का.

मोठ्या शहरात हे सगळं वेगळं होतं, ते एका दमात सांगतो. तिथे लायनोटाइप यंत्रं, की-बोर्डवर ओळ टाइप केली की वितळलेल्या धातूची आख्खी ओळच पडायची, न्यूयॉर्कच्या पेपरात १८८६ पासून होती. मग आख्ख्या पानाचा ओल्या पुठ्ठ्यावर ठसा घ्यायचा, तो वाकवून त्यात शिसं ओतायचं, गोल प्लेट तयार, ती रोटरीवर चढली की तासाला हजारोंनी अंक. मी एकदाच मुंबईत रोटरी बघितली, जमीन हादरत होती. परत आलो तेव्हा आमचं सिलिंडर मशीन मला शिवणयंत्रासारखं वाटलं.

हां, तो खिळा कुठे आलाय? चौथी रांग. अक्षर ओळखलं कोणी? बरोबर, म. कोण म्हणालं? शाब्बास.

तर या म ची गोष्ट. मथळ्याचा छत्तीस पॉइंटचा टाइप महाग, वजनावर विकत मिळायचा, म्हणून आमच्याकडे एकेका अक्षराचे दोन-तीन खिळेच. म दोन होते. ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या यांत्रिक बोटी, त्यांच्याविरुद्धच्या भांडणाचे दिवस, आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांना आठवत असतील. मोठा मोर्चा निघाला, मालकांनी मथळा लिहून दिला, "मच्छीमारांचा मोर्चा". मोजा. मच्छी चा एक, मारांचा एक, मोर्चा चा एक. तीन म. रात्रीचे अकरा, मालक झोपलेले, पान बांधायचं, ठोकून घट्ट करायचं, दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं "रापणकरांचा मोर्चा" करूया का? रापणकर म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे. र दोनच लागतात, म एक. छान बसला मथळा, रकान्याच्या कडेला कड.

शनिवारी गिलनेटवाले, म्हणजे होडीतून पाण्यात उभं जाळं लावणारे, आले. मोर्चात ते रापणकरांपेक्षा जास्त होते, त्यांचा एकजण पोलिसांच्या लाठीने जखमी झालेला, आणि पेपर म्हणतो मोर्चा रापणकरांचा. रापणीची जाळी वेगळी, गिलनेटची वेगळी, त्यांच्यातही आपसात कुरबूर होतीच, आणि मी मथळ्यातून ती उघड करून ठेवली. त्यांना मी काय सांगणार, की म संपला? मी सांगितलं. खण काढून दाखवला. त्यातला एक वयस्क माणूस खणाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग दोन मोर्चे काढूक होये होते आमी, तुमका म पुरूचे म्हणान." सगळे हसले, पण तो नाही हसला. पुढच्या अंकात खुलासा छापला, दहा पॉइंटमध्ये, दहा पॉइंटमध्ये म भरपूर होते. मथळा मोठा आणि खुलासा बारीक, हे मला अजून बोचतं. मालकांनी नंतर कर्ज काढून मथळ्याचा टाइप वाढवायचं ठरवलं, पण तोपर्यंत हवा बदलायला लागली होती.

ती कशी बदलली ते तुम्ही बघितलंय. ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटरवर डीटीपी. पान कॉम्प्युटरवर लावायचं, फिल्म घेऊन एसटीने कोल्हापूरला जायचं, सकाळी गठ्ठे घेऊन परत. छापखाना ओसरीतच राहिला, पेपर मात्र बाहेर छापून यायला लागला. मालकांच्या मुलाने कॉम्प्युटर घेतला तेव्हा दाजींना मुद्दाम बोलावलं. दाजी चप्पल बाहेर काढून आत आले, चष्मा पुसला, आणि म्हणाले श्री काढून दाखव. त्याने काढला. अजून एक. काढला. दाजींनी त्याला पन्नासेक श्री काढायला लावले, पडदा भरला, मग मागे टेकून म्हणाले, "ह्येच्यात श्री सपतच नाय!" कौतुक होतं की तक्रार, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मी विचारलं की आता शिकणार का, तर म्हणाले आता उलटं वाचायची सवय झाली.

खिळे किलोवर विकले. शिसं, त्यात कडकपणाला अँटिमनी, आणि थोडं कथील. पंचवीस-तीस किलोला एक पान, असं वजन करून भंगारवाल्याने नेलं. थोडं त्याने नाही नेलं, ते बंदरावरच्या लोकांनी घेतलं, जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाची वजनं लावतात ना, ती ओतायला. मी स्वतः बघितलं, वाळूत खळगे केलेले, लोखंडी पळीत आमचा बारा पॉइंट वितळतोय, वर काळी साय येतेय, आणि ओतणारा त्याच मोर्चातला. मी त्याच्याकडून हा म मागून घेतला. दुसरा म त्याने पळीत टाकला होता आधीच.

वेळ झाली, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. प्रश्न असतील तर चहा घेताना विचारा. आणि तो म आता कोणाकडे आहे? हां, मागे ताईंकडे, जाताना टेबलावर ठेवा. ज्यांनी ज्यांनी हातात घेतला त्यांनी आधी नळावर हात धुवा साबणाने, मग वड्याला हात लावा, शिसं आहे ते. दाजी आम्हाला हात धुतल्याशिवाय डबा उघडू द्यायचे नाहीत.